फॉइलची मागची बाजू

१२ ऑक्टोबर २००४, ट्रॉय, मिशिगन
आधी दुरुस्ती. परवा मी लिहिलं की लेझरचा झटका बसला की ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलमधून प्रोटॉन सुटतात. चूक. ते फॉइलच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या ओलाव्यातून, तेलकटपणातून सुटतात. ज्यांच्या लॅबमध्ये मी आले ते राजीव सर हसून म्हणाले, धातू जागेवरच राहतो, मळ पळतो. चुकीचं लिहून ठेवलं की मला झोप येत नाही. आठवीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं, ही त्यांची शिस्त. बाकी सगळं छान. मी भाड्याने राहते ती कांचनकाकूंच्या बेसमेंटमधली खोली ऊबदार आहे. आज थालीपीठ होतं.

३ नोव्हेंबर
फॉइलची चौकट हातातून निसटून बुटावर पडली. विद्येच्या वस्तूला पाय लागला, म्हणून नकळत उचलून कपाळाला लावली. फॉइल फाटली नव्हती, तशीच बसवली. सांगायला हवं होतं. शॉटच्या, म्हणजे लेझर सोडण्याच्या, वेळी मी काँक्रीटच्या भिंतीमागे होते, तरी कपाळात सुई घुसावी तसं झालं. रक्त आलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सिद्धेशने रुमाल दिला. प्रोटॉन मात्र नेहमीपेक्षा जोरदार निघाले.

८ नोव्हेंबर
सरांना सगळं सांगितलं. सिद्धेश म्हणाला, "अंतरा, यार, लॅब आहे की देवघर? थांब, माझा अंगठा लावतो. फुटला तर माझा थीसिस तू टाइप कर." त्याने फॉइलच्या मागे अंगठा दाबला.
शॉट झाला. भिंतीमागे, माझ्या शेजारी, त्याचा अंगठा मुळापासून फुटला. हाडाचा तुकडा कीबोर्डवर पडला. तो किंचाळत होता आणि सर आधी प्रोटॉनचे ठसे उमटलेली फिल्म बघायला धावले.

१९ नोव्हेंबर
सिद्धेश गेला. जखम चिघळली म्हणून हॉस्पिटलमध्येच होता. छाती आतून फुटली, पलंगावर. त्याच वेळी इथे शॉट चालू होता. फॉइलच्या मागे तपकिरी डाग होता. सर म्हणाले, नवा लेप आहे. तो त्याच्या बँडेजवरचा—
चौकट मी बसवली होती.

२२ नोव्हेंबर
मी कपाळ पुसलेला रुमाल ड्रॉवरमध्ये नाही. सरांच्या फ्रीजमध्ये आहे, तुकडे करून. शुक्रवारी पूर्ण ताकदीचा शॉट. विचारलं तर म्हणाले, रिसर्च पेपरवर तुझं नाव पहिलं घालू. तुकडे उचलू गेले तर फ्रीजला कुलूप. पोलिसांना काय सांगू— कोण मानेल—

२३ नोव्हेंबर
सरांच्या कॉफीच्या कपावर ओठांचा ठसा. फॉइल त्यावर दाबली. मागची बाजू.
ही चूक नाही, बाबा. ठरवून.
शेजारी त्यांची मुलगी असता कामा नये. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आई-मुलगी डेट्रॉइटची परेड बघायला जाणार, ते घरी एकटे. लॅब रिकामी. किल्ली माझ्याकडे—
गुरुवार, २५ नोव्हेंबर, सकाळी मी शॉट— कपाळात पुन्हा ती सुई