स्टेशनच्या कौलांवर काढलेले आठ तास

मी, खाली सही करणारी, निवृत्त तिकीट क्लार्क, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, त्या दाखल्याशी सहमत नाही. पण तो लहानपणापासूनच नाही. यापूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र, ज्यात दादाला फक्त मोडक्या छत्रीची दांडी दिली होती, ते रद्द समजावे.

कलम एक. माझे दोन खोल्यांचे घर भाचीला, दादाच्या मुलीला, मिळावे. स्वयंपाकघराचे दार किंचित उचलून धरल्याशिवाय कडी बसत नाही. सुतार बोलावू नये, तीन येऊन गेले.

कलम दोन. बँकेतली ठेव स्टेशन बचाव समितीने छपरासाठी वापरावी, कारण सात कौले मीच फोडली आहेत. ती कशी, हे येथे नोंदवणे भाग आहे. समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, यांनी या लढ्यावर पुस्तिका काढली असून तिच्यात मी पान चौदावर, तेही 'एक भगिनी' एवढीच आहे.

स्टेशनची इमारत धोकादायक ठरवून तिथे पत्र्याची शेड घालायचे वरून ठरले. पाडकामाच्या परवानगीची मुदत ज्या दिवशी सायंकाळी पाचला संपणार होती, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोर्टात आमच्या अर्जाची तारीख होती. तेवढा एक दिवस निभावायचा होता. समितीच्या बैठकीत ठरले, कोणीतरी छपरावर जाऊन बसावे. हेडमास्तरांचे गुडघे दुखू लागले. समितीचे चिटणीस असलेल्या न्हावीदादांना उंचीची भीती आठवली. मी नुसते बोलायचे म्हणून म्हणाले, "मग काय, मी चढू?" दुसऱ्या मिनिटाला शिडी हजर.

पायाखाली सात कौले फोडत मी वर पोचताच न्हावीदादांनी शिडी काढून घेतली, शत्रू चढू नये म्हणून. मग ते शिडीसकट दुकानात गेले, आणि दुकानाला कुलूप लावून शेजारच्या गावी एका आजारी गिऱ्हाइकाची दाढी करायला गेले.

नऊ वाजता पाडायचे यंत्र आले. ठेकेदार खाली उतरला, तो दादा.

आम्ही अकरा वर्षे बोलत नव्हतो. माझ्या निरोपसमारंभात तो भाषणाला उठला आणि म्हणाला, "बाईंच्या जागी आता यंत्र बसवतील. काम तेच." लोक हसले. छत्तीस वर्षे त्या खिडकीत बसून मी गावाला गाडीत बसवले होते. मी हार टेबलावर ठेवून घरी आले.

"कोण आहे रे वर?" दादाने डोळ्यांवर हात धरून विचारले.

"यंत्र," मी म्हणाले.

त्याने यंत्र बंद करायला लावले. मग म्हणाला, "खाली उतर. पडशील."

"पडले तर तुझं काम हलकं होईल."

"शिडी कुठाय?"

"न्हाव्याकडे."

"मग उतरणार कशी?"

यावर समितीने विचार केलेला नव्हता.

दुपारी त्याने लांब बांबूच्या टोकाला स्वतःचा डबा अडकवून वर सरकवला. वहिनीच्या हाताला चव नाही, हे मी लिहून ठेवते; तरी मी डबा चाटूनपुसून खाल्ला. मग ठेका देणाऱ्या साहेबांचा फोन आला. दादा म्हणत होता, "काय करणार साहेब, डिझेलच संपलंय. माणूस पाठवलाय." माणूस समोरच बाकावर घोरत होता. सकाळीच दोन कॅन भरून टाकी काठोकाठ केलेली मी वरून पाहिली होती. पाच वाजेपर्यंत दादाने सहा फोन घेतले आणि सहाही वेळा डिझेल संपवले. त्यानंतर त्याला सरकारी ठेका मिळालेला नाही. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही, मीही विचारले नाही.

सव्वापाचला त्याने कुठूनशी शिडी आणून लावली आणि स्वतः धरून उभा राहिला. "अक्कल म्हणून नाहीच तुला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोर्टाची स्थगिती मिळाली. स्टेशन उभे आहे. गाड्या दोनच थांबतात, पण थांबतात.

कलम तीन. माझ्या खिडकीत बसवलेल्या तिकीट यंत्रासाठी मी शिवलेले कापडी आवरण स्टेशनला द्यावे. यंत्र आठवड्यातून चार दिवस बंद असते. धूळ तरी बसू नये.

कलम चार. न्हावीदादांना मी क्षमा केली आहे. लेखी मागू नये.

कलम पाच. माझ्यामागे हेडमास्तरांनी बोलावे, पण पाच मिनिटे. गाडीची वेळ असल्यास दोन.

कलम सहा. माझा रेडिओ, आरामखुर्ची व पुस्तकांचे कपाट दादाला मिळावे.

कलम सहा रद्द. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. दादा म्हणाला, "मग मला खुर्ची नको, कपाट नको. हिच्या शहाणपणाची साक्ष मीच देणार." मी तीनदा समजावले. तो ऐकत नाही. सबब वरील वस्तू वहिनीला द्याव्यात. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराच्या बायकोलाही चालणार नाही. मग भाचीलाच द्याव्यात.

स्थळ : स्टेशनचे प्रतीक्षालय, खिडकीजवळचा बाक
दिनांक : नऊ फेब्रुवारी, सकाळची गाडी गेल्यावर

लिहून ठेवणार : सही (निवृत्त तिकीट क्लार्क)

साक्षीदार :
१. सही (हेडमास्तर, सोबत दोन पानी मनोगत जोडले होते, ते परत केले)
२. सही (थोरला भाऊ. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. मी खात्री केली आहे.)