पापडीचा मोडलेला कोपरा

लिपोवा, ता. ७ जानेवारी १९९४

चि. दानुतास झेनॉनचे अ. उ. आ.

काल तीन राजांच्या सणाची सकाळ. देवळातली मिस्सा आटोपून तिथून आणलेल्या खडूनं घराच्या दारावर राजांच्या नावांची आद्याक्षरं लिहीत होतो, तेवढ्यात पोस्टमननं इंग्लंडचं पत्र दिलं. आपल्या रिशार्दच्या बायकोचं, हिलरीचं. भाऊ वारल्यापासून दीड वर्षात पहिलंच! शब्दकोश घेऊन दुपारपर्यंत वाचलं. मी धाडलेली नाताळची पातळ, देवळातली पापडी पोचली, पण बिस्कीट वाटेत मोडलं, तुमच्या पोस्टानं जरा जपायला हवं होतं, असं लिहिते. त्यांची छोटी ईडी मजेत आहे. शेवटी मात्र लिहिलंय, कीप इन टच. म्हणजे संपर्क ठेवा, असंच ना? मला भरून आलं. रिशार्दची तेवढीच एक खूण उरली आहे. ती पोर आपल्याला परकी होऊ नये. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस. हेच वाक्य उत्तरात बिनचूक कसं लिहायचं, ते लवकर कळव.

तुझ्या पत्राच्या वाटेवर,
दादा

क्राकूव, ता. १५ जानेवारी

ती. दादास दानुताचे शि. सा. न. वि. वि.

वाक्य सोपं आहे. अगदी शेवटी, सहीच्या वर, स्वतंत्र ओळीत लिही. पण आमच्या शाळेतल्या इंग्रज बाईंना विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, आमच्याकडे पुन्हा पत्र लिहायचं नसलं की हे लिहितात. कुणाला वाईट वाटत नाही. म्हणजे तू बिनचूक लिहिलंस की दार दोन्हीकडून अदबीनं बंद! आणि ऑर्गन वाजवणाऱ्या साधूबाबा, कोपरा आपण मुद्दाम मोडून खातो नि उरलेली पापडी आपल्या माणसांना पाठवतो, हे तिला कळवलं होतंस का? रिशार्दनं सांगितलं नसणार. तो कुठे तोंड उघडायचा!

रागावू नकोस. तुझी, अजूनही धाकटीच,
दानुता

लिपोवा, ता. २ फेब्रुवारी

चि. दानुतास अ. उ. आ.

रागावलो नाही. तुझं वाक्य वहीत सात वेळा सुवाच्य लिहून काढलं. एकही चूक नव्हती. पत्रात मात्र घालवेना. हिलरीला एवढंच लिहिलं, की पोस्टाचा दोष नाही. कोपरा मी मोडला आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी रिशार्दच्या रिकाम्या ताटाशेजारी बसून खाल्ला. उरलेली तुम्हा दोघींची. शनिवारी, १४ मे रोजी, बसनं तुमच्याकडे इंग्लंडला येतो आहे.

तिकीट काढलंय. चुका तपासायला पत्र आधी तुझ्याकडे धाडणार होतो. पण तू शहाणपणानं शेवटी ती ओळ घातली असतीस. म्हणून आज सकाळी मेणबत्त्यांचा सण आटोपला, आणि तसंच टपालपेटीत टाकून आलो.

लोभ आहे, तो तसाच जवळ ठेव.
तुझा दादा, झेनॉन