सीताफळाखालची अर्थिंग

२८ मार्च, शुक्रवार

रिसोडला पोहोचलो. एसटीत गिटार मांडीवर उभी धरून बसलो होतो, तर शेजारच्या आजोबांनी विचारलं की ही मूर्ती कुठं बसवायची आहे. बरोबर नव्या खुंट्या, सोल्डरिंगची इस्त्री, तांब्याची पट्टी, गिटारच्या जुन्या पिकअपची डबी असा सगळा संसार. अकोल्यात मित्र म्हणतात, उत्कर्ष वाजवतो कमी आणि गिटार उघडून बसतो जास्त. म्हणोत बापडे. आवाज काही आपोआप गोड होत नाही.

धरमसिंगभाऊ स्टँडवर घ्यायला आले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, ऑर्केस्ट्रा त्यांचा, कीबोर्डही तेच वाजवतात. त्यांचा आधीचा गिटारवाला, ऋषिकेश, गेल्या वर्षी वारला. चौदा एप्रिलला जयंतीचा मोठा कार्यक्रम आहे. तो जमला तर ती जागा कायमची माझी. यावरही पोट भरतं हे मला एकदा बाबांना दाखवायचं आहे.

खोली गावाच्या कडेला, बेबीबाई गिरींकडे. या ऋषिकेशच्या आई, आता एकट्याच राहतात. त्यांना काकू म्हणायचं ठरवलं. जेवायला पिठलं-भाकरी आणि असा ठेचा की डोळ्यांतून पाणी आलं. माणूस एकदम आवडलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर काकूंनी ऋषिकेशचा अ‍ॅम्प दाखवला आणि मी येडाच झालो. कुठल्याशा टुरिंग टॉकीजचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, त्यानं स्वतः दुरुस्त करून गिटारला जोडलेला. काचेचे व्हॉल्व्ह तापले की खोलीत धूळ भाजल्याचा वास सुटतो. आवाज जाड, ऊबदार. चढवला की कडेनं जरासा फाटतो, हवा तसाच. दुकानातले नवे डबे यापुढं नुसते पत्रे आहेत. काकू म्हणाल्या, वापर.

भिंतीवर त्याचा फोटो आहे. डावखुरा होता, गिटार उलटी धरलेली.

खोट एकच, घूं घूं. तारांना हात लावला की कमी होते, सोडला की पुन्हा सुरू. म्हणजे अर्थिंग नाही. घराच्या वायरिंगलाच नाही, बोर्डातलं तिसरं भोक नुसतं शोभेला. अशा वेळी वाजवणाऱ्याचं अंगच वायरचं काम करतं. ते धोक्याचंही असतं.

२ एप्रिल, बुधवार

आज अर्थिंग केली. तांब्याची सळई आणली, खड्ड्यात टाकायला कोळसा आणि खडेमीठ आणायला निघालो होतो. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात ते लागतंच. काकूंनी दारातच अडवलं.

“मीठ नोको आणू. मीठ हाय तिथं,” त्या म्हणाल्या.

घरामागच्या वाडीत सीताफळाच्या झाडाखाली त्यांनी जागा दाखवली. एवढ्या उन्हाळ्यात तिथली माती ओली होती, वर पांढरा थर. मला वाटलं, ऋषिकेशनंच पूर्वी खड्डा करून ठेवला असेल. सळई ठोकायला लागलो. आधी घट्ट, मग हातभर आत गेल्यावर एकदम सैल गेली, मग कशात तरी रुतल्यासारखी थांबली. काकू पदर तोंडाशी धरून शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, हळू मार.

वायर खिडकीतून आत घेतली, अ‍ॅम्पला जोडली, चालू केला. घूं घूं नाही. काहीच नाही. इतकी शांतता मी कुठल्याच अ‍ॅम्पमध्ये ऐकलेली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

आवाज असा लागलाय की जेवायचं भान नाही. सूर लावला की लांबत जातो, थांबतच नाही. काल खुंट्या बदलल्या, तारांखाली हाडाची पट्टी बसवली, पण खरी करामत त्या सळईची आहे. रियाजात धरमसिंगभाऊ कीबोर्ड सोडून माझ्याकडं बघत बसले. म्हणाले, “अरे, हे त ऋष्याचं वाजवणं हाय. तुले कोनं शिकवलं?”

कोणी नाही. बोटं आपोआप गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकू रोज दुपारी वाडीत सळईच्या बुडाशी तांब्या तांब्या पाणी टाकतात. अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं, आमच्याकडंही देतात. मग उंबऱ्यात बसून मी वाजवतो ते डोळे मिटून ऐकतात. पाणी टाकताना काहीतरी बोलतात मात्र.

७ एप्रिल, सोमवार

नव्या तारांवर पांढरा थर आला. पुसला, तासाभरात पुन्हा आला. जीभ लावून पाहिलं, खारट. तारा अडकवतात त्या ब्रिजचे स्क्रू गंजले, परवाच बसवलेले. घाम म्हणावा तर माझे हात कोरडे ठाक आहेत. उजव्या हाताच्या बोटांना भेगा पडल्यात आणि त्यांना काही लागत नाही. चहाचा पेला चटकन उचलला, गरम लागलाच नाही.

तहान फार लागते.

आज रियाजाच्या ठिकाणी जेवताना भाऊ हसले. मी डाव्या हातानं खात होतो.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी लाइट गेली. गिटार खाटेवर पडली होती, मी दाराशी होतो. अ‍ॅम्पचा दिवा विझलेला, व्हॉल्व्ह गार. हात लावून पाहिला.

स्पीकरमधून आवाज येत होता. आधी खरवडल्यासारखा. मग तारा छेडल्यासारखा, एकेक करून, बारीक तारेपासून जाड तारेकडं. उलट्या गिटारवर हात वरून खाली आला की असंच वाजतं.

खाटेवरची गिटार हलत नव्हती. पण मी कान नेला. तारा थरथरत होत्या.

काकू वाडीत पाणी टाकत होत्या. मी लिहितोय आणि मला भीती वाटतेय, हे सरळ लिहून ठेवतो.

११ एप्रिल, शुक्रवार

भाऊंना विचारलं, ऋषिकेश कशानं गेला. त्यांनी सांगितलं.

एका लग्नात मंडपवाल्यानं अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती. गिटार हातात, ओठ माइकला लागले, आणि करंट त्याच्यातून गेला. हात तारांवरून सुटेना. भाऊंनी लाकडी खुर्ची मारून सोडवला, तोवर संपलं होतं.

गिरी लोकांत जाळत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. बसवून पुरतात, मांडी घालून. आणि खड्डा मिठानं भरतात. मिठाची पोती भाऊंनी स्वतः वाहिली होती. कुठं पुरला, विचारलं.

“घरामागच्या वाडीतच. ओटा बांधाचा राह्यला हाय अजून. तिथं सीताफळाचं झाड हाय पाय.”

हातभर घट्ट, मग सैल. बसलेल्या माणसाचं डोकं किती खाली येत असेल?

भाऊंना सगळं सांगितलं. त्यांना आजच तांड्यावर घरच्या लग्नाला जायचं होतं. चौदाला सकाळी पहार घेऊन येतो, सळई उपटून टाकतो म्हणाले. तोवर अकोल्याला जा म्हणाले.

१२ एप्रिल, शनिवार

गेलो होतो स्टँडवर. वाशीमची गाडी गावाबाहेर पडली आणि अंगात घूं घूं सुरू झाली. दातात, छातीत. जसजसा लांब जाई, तसा उजवा हात वळत गेला. उतरलो. चालत परत आलो, तशी ती कमी होत गेली.

वाडीत जाऊन सळई ओढली. निघत नाही. कोणीतरी खालून धरल्यासारखी.

काकूंवर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या बाईवर. त्यांनी तांब्या खाली ठेवला. रडल्याही नाहीत.

“तेवढी एक वायर असती, त माहा पोरगा आज राह्यला असता. म्या त्याले वायर देली. काय चुकलं माहं?”

त्यांनी मला पाणी दिलं, मी गटागटा प्यायलो. खारट होतं.

१३ एप्रिल

उजवी मूठ उघडत नाही. डाव्या हातानं लिहितोय. अक्षर छान येतंय, माझ्यापेक्षा —

डोळे मिटले की अंधार, ओला, चहूबाजूंनी दाबणारा. मांडी घालून बसलोय. डोळे उघडले की खोली. पुन्हा मिटायला नको. पण झोप —

तोंडात खडे येतात.

भाऊ उद्या येतील. सळई निघाली की सुटलो. उद्या सकाळपर्यंत फक्त. बाबांना फोन लावला, आवाज ओळखला नाही त्यांनी. कोण बोलता, विचारत होते. मी सांगत होतो, मी, मी —

१४ एप्रिल

आज कार्यक्रम हाय. मायनं नवा सदरा काढून ठेवला, चहा देला. गोड लागला. केवढ्या दिवसानं गोड लागलं काही. मायच्या तोंडाकडं पायत बसलो. ते हसून राह्यली, आन् रडूनबी राह्यली.

गिटार उलटी धरून पायली. खुंट्या चांगल्या बसवल्या पोरानं, त्याले बोल नाही लावत.

धरमसिंग आला. मांगं वाडीत पहारीचा आवाज येऊन राह्यला. माय आडवी गेली नाही त्याले, म्याच सांगतलं, जाऊ दे. सळई निघाली का वाट बंद होते. मंग कोनी वर येत नाही.

उजवा हात तेवढा अजून त्याचाच हाय. मांडीवर पडल्या पडल्या हालते. पेन मांगून राह्यला कवाचा. पोरगा चांगला होता. एक डाव देऊन पायतो, काय म्हनते त —

भाऊ सळई काढू नका मी उत्कर्ष मी खाली आहे सळई काढू न