खांबाजवळची खुर्ची

४ जून

लागली बाई एकदाची नोकरी! आणि तीही थेट विमानतळावर. आत्याने सगळ्या शेजारणींना सांगून टाकलंय की भाची विमानात लागली. विमानात नाही गं, विमानाच्या दारापर्यंत, असं कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ. ज्यांना चालवत नाही त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवायचं, तपासणीतून न्यायचं आणि विमानाच्या दाराशी सोडायचं, हे माझं काम. खुर्चीवाले सगळ्यांच्या आधी चढतात आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतात, हे आज कळलं.

गणवेश ढगळ आहे, बूट चावतात. पण गळ्यातलं कार्ड लावलं की दार आपोआप उघडतं, तेव्हा मला उगाचच कॉलर ताठ करावीशी वाटते. वरच्या पाटीवर सिंगापूर, दोहा, इस्तंबूल, फ्रँकफर्ट अशी नावं सारखी सरकत असतात. मी आजवर आजोळाच्या पलीकडे गेलेली नाही, आणि आज दिवसभर माणसांना जगाच्या टोकाला रवाना करत होते. ही डायरी खिशात मावते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहीन म्हणते.

७ जून

आमच्यात सगळ्यात जुनी आहे तिला सगळे ताई म्हणतात, साहेबसुद्धा. तिने आज मला एक युक्ती शिकवली. गेटवरच्या यंत्राला पास दाखवला की संगणकात नोंद होते, माणूस चढला. ऐन गर्दीत खुर्चीवाल्यांचे पास दाखवत बसलं तर रांग तुंबते. म्हणून ताई त्यांना खांबाजवळ बसवते, त्यांचे पास आधीच दाखवून टाकते आणि मग एकेकाला सावकाश आत नेते. नियमात बसत नाही, पण सगळेच करतात. साहेब काणाडोळा करतात, कारण विमान वेळेवर सुटतं.

ताईने एकच बजावलं. पास दाखवलास की तो माणूस डोक्यात ठेव. मी म्हटलं, मी काय विसरभोळी वाटले का तुला!

१२ जून

लिहावं की नाही कळत नाही. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि माणसाला सांगायची हिंमत नाही.

सकाळच्या सिंगापूरच्या विमानाला एक मावशी होत्या. गुडघ्यांनी बेजार, पण तोंडाची टकळी चालू. मुलीचं पहिलंच बाळंतपण, तिच्याकडे चालल्या होत्या. सिंगापूरला विमान बदलायचं, तिथल्या विमानतळावर म्हणे फुलपाखरांची बाग आहे, लेकीने मुद्दाम बघून ये म्हणून सांगितलं होतं. मांडीवर विणकाम, बाळासाठी पिवळं टोपडं. मी त्यांना खांबाजवळ बसवलं, पास यंत्राला दाखवला आणि म्हटलं, मावशी, इथेच बसा, मी आलेच.

तेवढ्यात शेजारच्या गेटवर दोन खुर्च्या हव्या होत्या. गेले. मग तिसरी. विमानात शिरगणती करतात ना, पण उशीर झाला होता, त्यांनीही संगणकावरचा आकडा मान्य केला असणार.

दुपारी कॅन्टीनमध्ये एक बाई तान्ह्याला टोपी घालत होती. हातातला चहा तसाच राहिला. मावशी! धावत गेले. मावशी तिथेच होत्या, विणत. मला बघून हसल्या. म्हणाल्या, किती धावपळ होते गं बाळ तुझी, मी आहे इथे, तू सावकाश ये.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पाया पडून सांगायला हवं होतं. मी सांगितलं, विमानाला उशीर आहे, बसा, मी आलेच. आणि ड्युटी संपल्यावर मागच्या दाराने सटकले. आत्याने विचारलं कसा गेला दिवस. छान, म्हटलं. थू माझ्या जिण्यावर.

१३ जून

सकाळी सगळं कबूल करायचं ठरवून गेले. खांबाजवळ खुर्ची रिकामी. लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. नेलं असेल कुणीतरी, सुटले.

दुपारी साहेबांनी बोलावलं. मावशींच्या लेकीचा फोन होता. आई उतरलीच नाही, पण नोंद तर चढल्याची आहे. साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. ती रडत नव्हती, मऊपणे विचारत होती, तुम्हीच बसवलंत ना आईला, गुडघे दुखले नाहीत ना तिचे. आणि मी म्हटलं, नाही हो, खिडकीजवळ बसवलं, त्यांनी मला हातसुद्धा हलवला.

हात कुठून सुचला मला? कुणी विचारलं होतं?

१५ जून

पोलीस येऊन गेले. त्यांनाही तेच सांगितलं. त्या दिवशीच्या कॅमेऱ्यात खांब दिसतो, खुर्ची दिसते, खुर्चीत कुणी नाही. सकाळपासून दुपारपर्यंत कुणीच नाही. मी रिकाम्या खुर्चीपुढे वाकून बोलताना दिसते. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली. पोरगी नवी आहे पण कामाची आहे, म्हणाले. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर आले तर मावशी खांबाजवळ बसलेल्या.

विणत होत्या. टोपडं मोठ्या मुलाच्या डोक्याएवढं झालंय. विचारलं, झाली का गं घोषणा? मी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, आलेच मावशी.

१८ जून

फक्त मलाच दिसतात. ताईने आज तिची पर्स त्या खुर्चीत ठेवली, मावशींच्या मांडीवर. मावशींनी ती सांभाळून धरली. ताई पर्स उचलून गेली, वर बघितलंही नाही.

लेक बाळंत झाली. मुलगी. अजून रोज फोन करते. मावशींना कोण सांगणार? त्या म्हणाल्या, बाळ आता मोठं झालं असेल ना गं, म्हणून माप वाढवतेय.

रागवत नाहीत. एकदा तरी रागवा ना—

२० जून

साहेबांना सगळं सांगितलं. पास, खांब, चहा, सगळं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, आता जबाब बदललास तर तू, मी, ताई, सगळेच घरी बसू. संगणक म्हणतो चढल्या, म्हणजे चढल्या. कळलं?

मी मान हलवली. परत. परत मान हलवली मी.

२० जून, नंतर

दार उघडत नाही. कार्ड लावलं, लाल दिवा. दाराजवळच्या छोट्या पडद्यावर येतंय की मी आधीच बाहेर गेलेय. पहारेकऱ्याला हाका मारल्या, तो जांभई देत माझ्यातूनच पलीकडे बघतो. आत्याला फोन लावला. ती नुसती हॅलो, हॅलो करत राहिली. आत्या, मी आहे गं, मी—

ठेवला तिने.

तारीख कळत नाही

मावशी उठल्या. गुडघे आता दुखत नाहीत म्हणाल्या. माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. टोपडं माझ्या डोक्यावर घातलं. बरोबर बसलं. गळ्यातलं कार्ड हळूच काढून घेतलं, केस ओढले जाऊ नयेत म्हणून जपून.

म्हणाल्या, इथेच बस हं बाळ, मी आलेच.

गेटचं दार त्यांना उघडलं—

पाय उचलत नाहीत. सिंगापूरची घोषणा झाली. सगळे चालले—

ताई येतेय. इकडेच बघतेय. ताई, मी विसरले त्यांना, मीच, खोटं बोलले मी, ओरडून सांगतेय, सगळ्यांना सांग— जवळ आली— हो, मीच, ताई—

तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि