डबल निशिगंध

४ मार्च
कंद लावले. गच्चीवर दोन मोठ्या कुंड्या, वर माकडांसाठी जाळी. नर्सरीवाल्याला पुन्हापुन्हा बजावलं होतं — निशिगंधच हवा, सिंगल, वासाचा. "एकदम खुशबूवाला है, भाभीजी," म्हणाला.

सुमंतला वाटतं, बायकोला नवा छंद लागला. वाटू दे.

जानेवारीतल्या तापापासून मला वासच येत नाही. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. ब्रह्मा घाटावरची निम्मी मराठी घरं माझा गोडा मसाला नेतात, आणि मी मसाला भाजते ती नाकाच्या भरवशावर. कळलं तर कोण नेईल? डॉक्टर म्हणाले, वास परत येईल. कदाचित नाहीही.

२० एप्रिल
हिंगाची डबी उघडली आणि काहीतरी आल्यासारखं वाटलं. अगदी पुसट. पण हिंग मला पाठच आहे — नाकाने सांगितलं की डोक्याने, काय कळणार? आता निकाल फुलांवर सोडते. माहेरी निशिगंध फुलला की फाटकातच कळायचं.

११ जून
दांडे आले! सुमंतला हाताला धरून वर नेऊन दाखवले.

२६ जून
फुलले. आणि हे ते नव्हेतच. पाकळ्यांवर पाकळ्या, गुबगुबीत. माझा तो साधा, सडपातळ निशिगंध कुठे! फसवलं मेल्याने.

तरी नाक खुपसलं. काही नाही. दिवेलागणीला पुन्हा गेले. काही नाही.

सुमंत मागून आला. वाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! काय सुरेख वास आहे गं."

मी हसले. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले. म्हणजे तो हिंग डोक्यातलाच होता.

२७ जून
कुंड्यांना पाणी घातलं नाही.

२९ जून
कालिंदीताई आल्या. मंगला गौरीच्या देवळापाशी राहतात, दरवर्षी मसाल्याचा पहिला डबा त्यांचा. यंदा जमणार नाही, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. त्यांना गच्चीत बसवलं, चहा आणायला खाली गेले. वर आले तर बाई कुंडीवर वाकलेल्या.

"आनंदी, हा डबल लावलास होय? दिसायला छान, पण याला वासच नाही गं."

मी कप खाली ठेवला. नीट हुंगून बघा म्हटलं. त्यांनी पुन्हा हुंगलं, एक फूल तोडून चुरगळलं, मान हलवली. मला इतकं हसू आलं की त्या चक्रावल्या. मसाल्याचं मी काहीच बोलले नाही.

सुमंत बँकेतून आल्या आल्या त्याला धरला. वास आहे म्हणून का सांगितलंस?

"तुझं तोंड एवढंसं झालं होतं," तो म्हणाला. "फूल चुकीचं निघालं, निदान वास तरी बरा म्हणावं."

मग मी सगळं सांगून टाकलं. ताप, हिंग, मसाला, सगळं. एवढे दिवस एकटीने कसे काढलेस, म्हणाला. शेवटी म्हणाला, यंदा मसाला दोघं भाजू. तू परतत राहा, मी हुंगतो.

किती हलकं वाटतंय! नाक बरं झालंय असं नाही. पण गेलंय असंही कुणी म्हणू शकत नाही.

३० जून
कुंड्यांना भरपूर पाणी. बिचाऱ्या फुलांचा काय दोष. दिसतात मात्र देखणी.

९ जुलै
सुमंत घाटावरून फिरून आला आणि शेजारी टेकला. मी भेंडी चिरत होते, मनात काही म्हणजे काही नव्हतं. आणि एकदम — सिगरेट! कधीची सोडलेली! हिला आता थोडंच कळणार, असं त्याला वाटलं असेल. त्याच्या खिशात हात घातला. पाकीट निघालं.

भांडण उद्या. आज त्याच्या खांद्याला नाक लावून बसून राहिले.