नको त्याच्यावर फुली

शार्लटटाउन, प्रिन्स एडवर्ड आयलंड, कॅनडा
रविवार, २८ एप्रिल २०१९

प्रिय थॉमसभाऊंना सॅम्युअलचा जय येशू, आणि फियोनावहिनींना ईस्टरच्या शिळ्या शुभेच्छा. (हे पत्र वसईला पोचेपर्यंत त्या आणखी शिळ्या होतील, पण मनापासून आहेत.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की नुसते केले म्हणून सांगता? केळीला यंदा पाणी पुरते का? आमच्याकडे बर्फ वितळून सगळीकडे लाल चिखल झाला आहे. इथली माती कोकणासारखी लाल आहे, हे कळल्यापासून फ्लोरिन या बेटाशी जरा बऱ्या शब्दांत बोलते.

दर रविवारी फ्लोरिन तुमच्याशी तासभर फोनवर बोलत असताना मी वेगळे पत्र का लिहितो, हे कोडे तुम्हाला पडले असेल. आमचा फोन स्पीकरवर असतो, व्हॉट्सअ‍ॅप फ्लोरिनच्या मोबाइलवर आहे, आणि मला जे लिहायचे आहे ते फ्लोरिनच्या कानावर जाता कामा नये. घाबरू नका, तब्येतीचे काही नाही. मामला मतदानाचा आहे.

गेल्या मंगळवारी इथे प्रांताची निवडणूक झाली. आम्हा दोघांचे या देशातले हे पहिले मत. तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मी फोनवर फार बोललो नव्हतो. तिकडचे मत कायमचे सोडले होते आणि इकडचे अजून वापरले नव्हते. एकविसाव्या वर्षापासून कधी मत चुकवले नाही अशा माणसाला ते दिवस कसे जातात हे मी शब्दांत सांगू शकत नाही. आपण कोणाच्याच खिजगणतीत नाही असे वाटत राहते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर मी घरात सण असल्यासारखा वागू लागलो. (फ्लोरिनच्या मते मुख्याध्यापकासारखा. माझ्या मते दोन्हींत विरोध नाही.)

इथला प्रचार तुम्ही पाहायला हवा होता. वसईत तुम्ही पक्षाचे टेबल टाकून बसायचात, चिठ्ठ्या वाटायचात, दुपारपर्यंत तुमचा घसा बसायचा. इथे उमेदवार एकटाच येतो. पवित्र आठवड्यात एक जण आमच्या दारी आला, तो चिखलाचे बूट बाहेर काढून नुसत्या मोज्यांनी पायपुसण्यावर उभा राहिला. मागे ना जीप, ना ताशा, ना हार घेतलेला माणूस. माझी खात्री झाली, हा वीजमीटर वाचायला आला आहे. मी त्याला मीटर दाखवला. त्यानेही तो सभ्यपणे पाहिला, आणि मग आपण निवडणुकीला उभे असल्याचे सांगितले. फ्लोरिनने त्याला चहा दिला. एकूण चार उमेदवार होते, चार पक्षांचे. मी चौघांची पत्रके लाल पेनाने तपासली. ज्याच्या पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती त्यालाच मत द्यायचे ठरवले. (हसू नका. तुम्ही कशाकशावरून ठरवत होता ते मला माहीत आहे.)

यंदा उमेदवारांच्या जोडीला एक प्रश्नही होता, आणि त्याची वेगळी मतपत्रिका. प्रश्न असा की, निवडणुकीची पद्धतच बदलावी का? सध्या ज्याला सर्वांत जास्त मते तो जिंकतो आणि बाकीच्यांची मते पाण्यात जातात. नव्या पद्धतीत काही जागा पक्षांना त्यांच्या एकूण मतांच्या प्रमाणात द्यायच्या, म्हणजे फारशी मते वाया जाऊ नयेत. होय की नाही, एवढेच उत्तर. मला हा प्रश्न फार आवडला. सबंध जनतेला सरकारने एकाच वाक्याचा पेपर घालावा, आणि तोही 'थोडक्यात उत्तर द्या' या सदरातला, ही कल्पना मला आयुष्यात सुचली नव्हती. मी 'होय'च्या बाजूचा. कोणाचेही मत वाया जाणे मला सहन होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

आता पद्धत. शेजारी एक बटाट्याचे शेतकरी राहतात, भले गृहस्थ, पण बोलणे मोजके. त्यांना मी कुंपणावरून विचारले की तुमच्याकडे शिक्का मारतात की यंत्राचे बटण दाबतात. ते म्हणाले, "यू जस्ट पुट अ‍ॅन एक्स," आणि ट्रॅक्टरवर चढले. मी घरी येऊन बराच वेळ विचार केला. एक्स म्हणजे फुली. फुली म्हणजे चूक. म्हणजे हे लोक नको असलेल्या उमेदवाराला खोडतात! भाऊ, मला या देशाबद्दल त्या क्षणी जो आदर वाटला तो नायगारा पाहूनही वाटला नव्हता. आपण हवा त्याला निवडतो आणि पाच वर्षे पस्तावतो. हे आधीच नकोत ते बाजूला काढतात आणि उरलेल्याला निमूटपणे खुर्चीत बसवतात. बर्फात आयुष्य काढलेल्या माणसांना हे शहाणपण येणारच, अशी मी माझी समजूतही घातली. सरकारने घरी पाठवलेले माहितीपत्रक टेबलावर होते. ते मी वाचले नाही. पंधरा निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेल्या माणसाने माहितीपत्रक वाचायचे म्हणजे धर्मगुरूने मिस्सेच्या प्रार्थनेआधी 'स्वर्गातील आमच्या बापा' पाठ करत बसण्यासारखे झाले.

मग मी फ्लोरिनला शिकवले. जुन्या वहीच्या पानावर चार रकाने आखले आणि सांगितले: नको त्याच्यावर फुली, हवा त्याला बरोबरची खूण, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात शंका उरणार नाही. प्रश्नाच्या कागदावरही तसेच, एका उत्तरावर फुली, दुसऱ्याला खूण. तिने विचारले, लिओनेलला एकदा विचारून घेऊ का? (आपला लिओनेल त्या आठवड्यात कामासाठी हॅलिफॅक्सला होता, आणि सूनबाई तिच्या हॉस्पिटलच्या ड्यूटीत.) मी म्हटले, ज्याला मी बाराखडी शिकवली त्याला मी मतदान विचारू? ती गप्प बसली. फ्लोरिनचे गप्प बसणे म्हणजे होकार की नकार, हे बेचाळीस वर्षांत मला कळलेले नाही. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तुम्हाला कळत असेल तर कळवा.

मतदान एका चर्चच्या सभागृहात होते. पोलीस नाही, दोरी नाही, बोटाला शाई नाही. टेबलाशी बसलेल्या बाई लोकरीचा मोजा विणत होत्या. आम्ही गेलो तशी त्यांनी सुया बाजूला ठेवल्या आणि आमची नावे वाचायचा तीनदा प्रयत्न केला. 'तुस्कानो' त्यांना जमले, 'फ्लोरिन' तर सुरेख जमले. मग त्या मत कसे द्यायचे ते समजावू लागल्या. मी हात वर करून थांबवले. म्हटले, "मॅडम, आय हॅव कंडक्टेड फिफ्टीन इलेक्शन्स." त्या "ओ, माय" म्हणाल्या आणि थांबल्या. फ्लोरिनकडे वळल्या, तर मी तिच्या वतीनेही सांगून टाकले की हिला मीच तयार केले आहे. भिंतीवर नमुन्याची मतपत्रिका टांगली होती. तीत एकाच नावापुढे फुली होती. मला वाटले, त्या उमेदवाराने माघार घेतली असावी.

आडोशामागे गेलो तर तिथे पेन्सिल. पेन्सिल, भाऊ! ज्या मतासाठी इतकी वाट पाहिली ते खोडरबराच्या हवाली करू? मी खिशातले लाल पेन काढले. लाल पेन हातात आल्यावर हाताला काही सांगावे लागत नाही. तीन फुल्या, एक बरोबरची खूण. दुसऱ्या कागदावर 'नाही'वर फुली, 'होय'ला खूण. सही करायचा मोह आवरला. मतपत्रिका पेटीत पडली तेव्हा माझे डोळे भरून आले, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. फ्लोरिन तिच्या आडोशातून जरा उशिराने आली. रस्त्यात मी विचारले, व्यवस्थित केलेस ना? ती म्हणाली, झाले. एवढेच.

संध्याकाळी जेवताना मी आपल्या नातीला, ऑलिव्हियाला, लोकशाहीचा पाठ देत होतो. (ती आता सहावीत आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तरे देते आणि दोघांचेही भागते.) तिच्या शाळेतही मुलांचे लुटुपुटीचे मतदान झाले होते. माझे फुलीचे तत्त्वज्ञान ऐकून ती खाता खाता थांबली.

"पापू, एक्स मीन्स यस. यू ओन्ली पुट वन."

मी म्हटले, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितले, आणि टेबलावरचे ते माहितीपत्रक आणून त्यावर बोट ठेवले. म्हणजे मी तीन नकोशा उमेदवारांना भरघोस पाठिंबा दिला होता, हव्या असलेल्यापुढे नुसती एक शोभेची खूण केली होती, आणि प्रश्नाला होय आणि नाही दोन्ही म्हटले होते. दोन्ही कागद बाद. अशा मतपत्रिका मी स्वतः मोजणीच्या टेबलावर बाजूला काढल्या आहेत, आणि काढताना कपाळाला हात लावला आहे. मते वाया जावीत की नाही, या प्रश्नावरच माझे मत वाया गेले. तेलही गेले, तूपही गेले. फ्लोरिन तेव्हा ओट्यापाशी पाठमोरी बोंबील तळत होती. तेलाचा आवाज बराच होता. तिने ऐकले की नाही, देव जाणे.

निकाल तुम्ही वाचला नसेल. कोणालाच बहुमत नाही आणि प्रश्नाचे उत्तर थोडक्यात 'नाही' आले. माझ्या मताने काही फरक पडला नसता, हे मला कळते. शिक्षकाला बेरीज येते. पण त्या पेटीत माझे काहीच नव्हते, हे मला फार लागले आहे. असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला आराम.

तुमचा,
सॅम्युअल

ता. क. आता मुद्दा. मला फ्लोरिनला विचारता येत नाही. विचारले तर माझी चूक सांगावी लागेल, शिवाय गुप्त मतदानावर मी आयुष्यभर भाषणे दिली आहेत. तेव्हा हे पत्र पोचले की पुढच्या रविवारी फोनवर तुम्ही सहज विषय काढा: काय गं, तिकडे मत कसे देतात? फुली एक मारलीस की तीन, एवढेच काढून घ्या आणि मला पत्राने कळवा. माझे नाव येऊ देऊ नका.

ता. क. २. तिकडे असताना मी चारचौघांत सांगत असे की आमच्या घरात दोन मते एकाच पेटीत, एकाच निशाणीला पडतात. तुम्ही हसायचात. आता मी रोज रात्री प्रार्थनेत मागतो की फ्लोरिनने माझे ऐकले नसावे. निदान घरातले एक मत तरी जिवंत असावे. कोणालाही दिलेले चालेल.

ता. क. ३. दादा, मी फ्लोरिन. ऑलिव्हियाचा फोटो टाकायचा राहिला होता म्हणून पाकीट उघडलं आणि सगळं वाचलं. तेलाचा आवाज एवढा काही नव्हता. वसईत मी यांचं कधीच ऐकलं नाही, प्रत्येक वेळी माझ्या मनाने मत दिलं, हे तुला माहीत आहे. इथे म्हटलं, नवा देश, नवी रीत, मला इंग्रजी येत नाही, एवढ्या निवडणुका केलेला माणूस सांगतो तसं करावं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तीन फुल्या, एक खूण, त्यांच्याच माणसाला. तू यांना कळव, फ्लोरिनने अजिबात ऐकलं नाही, एकच फुली मारली.