चाळणीच्या वर उरलेल्या मण्यांबाबत

प्रति,
मा. सहायक संचालक,
खनिज भुकटी तपासणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: बॅच क्र. ३१७ च्या शेवटच्या राखीव बाटलीतील भुकटी तपासणीपूर्वी न चाळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचा २८ मार्चचा अहवाल आणि ९ एप्रिलचे पत्र.

महोदय,

१४ मार्च रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी तिसऱ्या ओळीवरची चाळणी बंद केली. त्याच दिवशी पावणेपाच वाजता मला निलंबनाचा कागद मिळाला. त्यावर कारण असे आहे: "विनापरवानगी काम थांबवणे व खोटी ओरड करणे." या चाळणीवर माझी बावीस वर्षे झाली. माझी नोकरी राहते की जाते, हे बुधवारी, २३ एप्रिलला सकाळी दहा वाजता कारखान्याच्या चौकशीत ठरणार आहे. ते आपल्याकडे असलेल्या एका बाटलीवर अवलंबून आहे.

१. आमच्याकडे दगड दळून पिठासारखी भुकटी येते. तिच्यात लोह आणि क्षार असतात. ती पाण्यात कालवून तिच्यात रेझिनचे मणी सोडतात. मणी मधाच्या रंगाचे, मोहरीहून लहान असतात. लोह आणि क्षार ते स्वतःकडे ओढून घेतात. मग सगळे चाळणीवर येते. भुकटी पाण्याबरोबर खाली जाते आणि मणी वर राहतात. ते धुऊन पुन्हा वापरतात. जाळी फाटली की मणी खाली भुकटीत उतरतात. ही भुकटी औषधाच्या गोळ्यांत भर म्हणून जाते.

२. धड जाळीचा आवाज एकसारखा असतो. त्या दिवशी तो फडफडल्यासारखा येऊ लागला. मी खालच्या टाकीतले पाणी काचपट्टीवर घेतले आणि बोटाने पसरले. पट्टीवर अकरा मणी होते, चार अख्खे आणि सात फुटके. मी यंत्र बंद केले. फोरमन आले आणि म्हणाले, "काय हो बाई, आता कानाने भुकटी तपासणार का? चालू करा बघू." मी मणी दाखवायला पट्टी उचलली, तर ती स्वच्छ होती. मीच ती धुतली होती आणि मणी परत मण्यांच्या पिंपात टाकले होते. मणी वाया घालवायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला धडा. बावीस वर्षांत हात तेच शिकले आहेत. ही चूक माझी आहे आणि ती मी चौकशीतही कबूल केली आहे.

३. त्याच संध्याकाळी जाळी बदलली गेली आणि जुनी भंगारात गेली. नोंदवहीत "नियमित देखभाल" असे लिहिले आहे. नियमित देखभाल सोमवारी असते. १४ मार्चला शुक्रवार होता.

४. त्यामुळे आता पुरावा एवढाच, की प्रत्येक बॅचच्या तयार भुकटीच्या तीन बाटल्या सील करून राखून ठेवतात. माझ्या मागणीवरून चौकशी अधिकाऱ्यांनी त्या दिवशीच्या बॅच क्र. ३१७ ची पहिली बाटली आपल्याकडे पाठवली. अहवाल आला: "भुकटी शुद्ध." मी विचारणा केली तेव्हा आपल्या कार्यालयाने कळवले, की वाहतुकीत मिसळलेले परके कण काढण्यासाठी प्रत्येक नमुना तपासणीपूर्वी चाळला जातो, हाही चाळला, आणि चाळल्यावर तो शुद्ध आढळला. चाळणीच्या वर उरलेले कण परिपाठानुसार टाकून दिले.

५. दुसऱ्या बाटलीसोबत मी "कृपया चाळू नये" अशी चिठ्ठी जोडली. आपण चाळली नाही, याबद्दल आभारी आहे. ९ एप्रिलला पत्र आले: "नमुन्यात परके कण असल्याने तो तपासणीस योग्य नाही. स्वच्छ नमुना पाठवावा." मी हे पत्र घेऊन चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. परके कण आहेत असे सरकारी कागदावर लिहून आले होते. ते म्हणाले, "बाई, हा शेरा आहे, निष्कर्ष नव्हे. निष्कर्ष आणा." फेटाळलेली बाटली आपल्याकडेच नष्ट करण्यात आली.

६. पुढील मजकूर अर्जात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. माझे यजमान त्याच कारखान्यात पिशव्या शिवतात. त्यांना रोज विचारतात, "काय, खडेबाईंना सापडला का मणी?" खडेबाई म्हणजे मी. यजमान घरी येऊन म्हणाले, "माफी लिहून दे आणि मोकळी हो." माझ्या सासूबाई सहसा माझ्या बाजूने बोलत नाहीत. त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "गुन्हा नाही तर माफी कसली लिहायची? तू लिही हवं तर, तुझं अक्षर चांगलं आहे." त्या दिवसापासून घरात हा विषय कोणी काढलेला नाही.

७. तिसरी आणि शेवटची बाटली गुरुवारी आपल्याकडे पोचली. आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी प्रयोगशाळेत फोन केला. साहाय्यक बाईंनी सांगितले, की ती उद्या, मंगळवारी सकाळी नऊ वाजता चाळायला घेणार आहेत. मी म्हटले, चाळा, पण वर जे उरेल ते मोजा आणि अहवालात लिहा. त्या म्हणाल्या, "अहो ताई, लिहिलं असतं मी. पण वर उरलेलं लिहायला आमच्या फॉर्मात रकानाच नाही."

तरी विनंती अशी, की सदर बाटली चाळण्यापूर्वी भिंगाखाली पाहावी. चाळणे टाळता येत नसेल तर वर उरलेले मणी टाकू नयेत. त्यांचे वजन करून, रकाना नसल्यास कागदाच्या मागच्या बाजूला, ते लिहावे. ते मणी नाहीत असे निघाले तर मी माफी लिहून देईन.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,
(सही)
चाळणी कामगार, तिसरी ओळ,
हजेरी क्र. ११८ (निलंबित)
सोमवार, २१ एप्रिल

सोबत: २८ मार्चच्या अहवालाची आणि ९ एप्रिलच्या पत्राची प्रत, निलंबनाच्या कागदाची प्रत.

ता. क. हे आपल्या आवक खिडकीवर उभी राहून लिहीत आहे. आता तीन वाजून पन्नास मिनिटे झाली आहेत. आजची आवक साडेतीनला बंद झाल्याने अर्जावर उद्याचा शिक्का मारला आहे. टपाल साडेदहानंतर आपल्या टेबलावर जाते, असे खिडकीवरच्या कारकुनांनी सांगितले.